बरणी न मिळालेलं वर्ष

त्या वर्षी वार्षिक सभेनंतर कंपनीने भागधारकांना बरणी दिली नाही, आणि महिन्याभरात तिच्या शेअरचा भाव ऐंशीवरून चाळीसवर आला.

कंपनी चिनीमातीची भांडी करायची. सांगलीहून कराडकडे जाताना रेल्वेच्या रुळाला लागून तिचा कारखाना होता. लोणच्याच्या बरण्या, दह्याचे सट, जाड कानाचे कप असा माल. शेअर मुळात शंभर रुपयांचा. कंपनी काढणाऱ्यांनी सुरुवातीला वाई, सातारा, कराड, सांगली अशी गावं पालथी घालून पैसे उभे केले होते, त्यामुळे तिचे मालक म्हणजे शाळामास्तर, पेन्शनीत निघालेले फौजी, किराणा दुकानदार असे आमच्यातलेच लोक. सभा कारखान्याच्या आवारात मांडवाखाली व्हायची. चहा, चिवडा आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात झाकणाची एक बरणी. छापील अहवालही मिळायचा, त्यात बरणी गुंडाळून नेत. बरणी मोठी निघाली की कंपनीचं बरं चाललंय, लहान निघाली की यंदा बेताचंच, असा सगळ्यांचा हिशोब होता. एका वर्षी झाकणावर निळी वेल काढली होती, तर भाव पाच रुपयांनी चढला, असं सांगलीचा शेअर दलाल शपथेवर सांगायचा.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि सांगलीत हळदीच्या अडतीवर कारकून होतो. कॉलेजात दोन वर्षं वाणिज्य शिकलो होतो, तेवढ्यावर स्वतःला फार समजत होतो. दलालाची पेढी आमच्या दुकानासमोरच होती. त्याच्या ओट्यावर काळा फळा होता, आणि दुपारी मुंबईहून ट्रंक कॉल आला की तो खडूने भाव लिहायचा. चिनीमातीच्या कंपनीचा भाव मात्र मुंबईपेक्षा सांगलीतच ठरायचा, कारण घेणारे आणि विकणारे इथलेच. त्या पावसाळ्यात नुसते विकणारेच येत होते.

गौरी-गणपतीला मी वाईला आत्याकडे गेलो. आत्या विधवा, मूलबाळ नाही. कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन ती शाळेतल्या पोरांची खानावळ चालवायची. बाहेरच्या खोलीत पंगत, आतल्या खोलीत चूल आणि तिचा संसार. लहानपणी माझी आई गेल्यावर चार वर्षं मी त्या आतल्या खोलीत काढली आहेत. माझ्या माहितीत त्यापेक्षा उबदार जागा जगात नाही.

ती म्हणाली, "सुभेदार खोल्या विकतायत."

सुभेदार म्हणजे तिचे घरमालक. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, वाईपासून कोसभरावरच्या गावात उसाची जमीन असलेले गृहस्थ. त्यांना विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं होतं. म्हणून त्या दोन खोल्या अठराशे रुपयांना काढल्या होत्या. एका कापडवाल्याला गोदामासाठी त्या हव्या होत्या, पण आत्याला पहिला मान. दिवाळीच्या आत पैसे दिले तर तिच्या.

"मग?"

"तुझ्या आतोबांचे ते वीस शेअर आहेत ना, चिनीमातीचे. ते चाळीसने जातील. आठशे होतात. ट्रंकेतल्या पाटल्या आणि मोहनमाळ मोडली की हजार. झाले अठराशे."

तिने सगळं आधीच ठरवलं होतं. मी नुसती मान हलवली असती, तरी दोन दिवसांत खोल्या तिच्या झाल्या असत्या. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते वाचताना वाचणाऱ्याने हे विसरू नये. मीही विसरलेलो नाही.

"चाळीसला?" मी म्हणालो. "ऐंशीचा शेअर होता की!"

"अरे, बरणी नाही दिली त्यांनी यंदा. बुडाली म्हणतात कंपनी."

फडताळात तिच्या नऊ बरण्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी यंदाचा अहवाल न उलगडता पडला होता. बरणीच नव्हती, त्यामुळे तो गुंडाळायच्या कामालाही आला नव्हता. मी तो परतीच्या एस.टी.त उघडला, आणि साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा चहाला खाली उतरायचं विसरलो.

आजही ती दुपार आठवली की अंगावर काटा येतो. कंपनी कुठे बुडत होती! नफा आदल्या वर्षीच्या दीडपट होता. शेअरमागे बारा रुपये! चाळीस रुपयांना मिळणारी वस्तू वर्षाला बारा रुपये कमावते, म्हणजे सव्वातीन वर्षांत स्वतःची किंमत फेडून वर फुकट राबणार. जमीन, भट्ट्या, तयार माल यांची बेरीज करून त्यातून देणी वजा केली आणि शेअरांच्या संख्येने भागलं, तर कारखाना नुसता मोडून विकला तरी प्रत्येक शेअरच्या वाट्याला नव्वदच्या वर येत होते. आणि एका कोपऱ्यात, अगदी बारीक टाइपात, सरकारी वीजखात्याकडून आलेल्या मागणीचा उल्लेख होता.

कोयनेची वीज तेव्हा गावोगाव पोचत होती. रस्त्याकडेला नवे खांब उभे राहत होते, आणि खांबाच्या डोक्यावर तारा अडकवायला चिनीमातीच्या पांढऱ्या टोप्या असत. कारखान्यात त्यांना इन्सुलेटर म्हणत, पोरं खांबावरच्या कपबश्या म्हणत. एस.टी.च्या खिडकीतून मी एकेक खांब पाहत होतो. प्रत्येक खांबावर सहा कपबश्या! कराडपर्यंत मी खांब मोजत होतो आणि मोठ्याने हसत होतो. शेजारचा पागोटंवाला मला म्हणाला, "पोरा, बरं हाय न्हवं?"

सभेत अध्यक्ष म्हणाले होते, "भट्ट्या मोकळ्या नाहीत, यंदा क्षमा असावी." लोकांना ती सबब वाटली. पण ते खरंच सांगत होते. भट्ट्या कपबश्यांनी भरल्या होत्या, म्हणून बरण्या भाजायला जागा नव्हती. बरणी मिळाली नाही हीच कंपनीची सगळ्यात मोठी बातमी होती आणि सगळा जिल्हा ती उलटी वाचत होता!

आमचे अडतीचे मालक नेहमी म्हणत, पेव उघडून आत कंदील सोडल्याशिवाय हळदीचा भाव करू नये. जमिनीखालच्या त्या कोठारात वरची हळद सोन्यासारखी असते आणि तळाची कुजलेली असू शकते. म्हणून मी एका रविवारी मुद्दाम आगगाडीने गेलो. कारखान्याचं कुंपण रुळालगतच. गाडी सिग्नलला थांबली आणि मला ते दिसलं. आवारभर, पुरुषभर उंचीच्या, पेंढ्यात रचलेल्या पांढऱ्याशुभ्र कपबश्यांच्या राशी! उन्हात डोळे दिपले. मला वाटलं, मी कंदील सोडला.

एका शेअरची रास्त किंमत मी एकशेवीस काढली.

पुढच्या सुट्टीला वाईला गेलो आणि आत्याला म्हणालो, "चाळीसला एकही शेअर द्यायचा नाही. पाटल्यांना हात लावायचा नाही."

"आणि खोल्या?"

"खोल्या मिळतील. सुभेदारांशी मी बोलतो."

माझी युक्ती मला फारच सुंदर वाटत होती. सुभेदारांनी पैसे घेण्याऐवजी वीस शेअर घ्यावेत. नव्वदचा भाव धरला तरी अठराशे होतात, आणि त्यांच्या हाती एकशेवीसची वस्तू पडते. दोघांचा फायदा. सुभेदार पंगतीच्या खोलीत पाटावर बसून चहा पीत होते. मी त्यांना नफा, भट्ट्या, खांब, कपबश्या सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"दलालाकडं कितीला मिळतुया ह्यो कागद?"

"चाळीसला. पण त्याची खरी किंमत..."

"चाळीसला मिळतंय ते तुज्याकडनं नव्वदला घिऊ? गड्या, मी पलटणीत व्हतो, येड्यांच्या इस्पितळात न्हवतो."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. त्यांचं बरोबर होतं. वस्तू शंभराची आहे हे पटलं, तरी शेजारी ती चाळीसला मिळत असताना शंभर कोण देईल? माझ्या सगळ्या हिशोबात हा साधा प्रश्न कुठेच नव्हता.

सुभेदार मात्र उठले नाहीत. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पर बरणी भट्टीत जागा न्हवती म्हून दिली न्हाई, हे खरं?"

"आईशप्पत."

"व्हय? मी तर माजं धा शेअर इकायला काढलं व्हतं की रं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने सुभेदार सांगलीला गेले आणि इंजिनासाठी साठवलेल्या पैशातून त्यांनी बेचाळीसच्या भावाने चाळीस शेअर घेतले. मी अडतीच्या दारात हळदीचं माप लिहीत असताना त्यांनी समोरच्या ओट्यावरून मला सलाम ठोकला. मला भीतीही वाटली आणि त्याच क्षणी नाचावंसंही वाटलं. माझ्या डोक्यातल्या एका भागाकारावर जिवंत माणसाने खरोखरीचे पैसे लावले होते!

सुभेदारांच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत घाटावरच्या भटजींना, न्हाव्याला, तालुका शाळेच्या हेडमास्तरांना बातमी कळली. आठवड्याने वाईची माणसं सांगलीत दिसू लागली. दुपारची एस.टी. आली की दलाल खडू उचलून म्हणायचा, "आले वाईकर!" पंचेचाळीस, एक्कावन्न, साठ. ओल्या फडक्याने फळा पुसून तो नवा आकडा लिहायचा आणि मी माप चुकायचो. माझे मालक ओरडायचे, "अरे, हळद तोलतोयस की तारे मोजतोयस?" दसऱ्याला भाव बहात्तर होता. आपट्याची पानं वाटताना दलाल मला म्हणाला, "सोनं घ्या, आणि काय ते खरं सांगा. आहे काय त्या कंपनीत?" मी गालात हसलो. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नसेल. बाजार माझ्याकडे चालत येत होता!

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा फळ्यावर नव्वद लागला.

त्या रविवारी मी पुन्हा कारखान्यावर गेलो. काही बघायचं राहिलं होतं म्हणून नव्हे. मिरवायला. या खेपेला स्टेशनवर उतरून फाटकापर्यंत चालत गेलो, भागधारकाचा भाचा आहे म्हणून पहारेकऱ्याला सांगितलं आणि आत शिरलो. राशी तशाच होत्या. एक कपबशी आत्यासाठी न्यावी, खोल्या झाल्या की दाराच्या कोनाड्यात ठेवायला, अशा विचाराने मी वरची एक उचलली.

तिच्या बुडाला लाल रंगाची फुली होती.

दुसरी उचलली. फुली. तिसरी. पेंढा बाजूला सारून मधली काढली. फुली. झिलईखाली केसासारखी तडा गेलेली रेघ दिसत होती. खालच्या थरांतल्या पेंढ्यातून गवत उगवून वर आलं होतं.

"न्या की," पहारेकरी म्हणाला. "नापास मालच हाय त्यो."

चांगला माल आवारात कशाला राहील? तो भट्टीतून निघाला की मालगाडीच्या वाघिणीत चढतो. जी संपत्ती मी डोळे भरून पाहिली होती, ती कंपनीने न खपलेली, फुकट गेलेली माती होती. ती मी अहवालातला तयार माल म्हणून धरली होती, आणि प्रत्येक भट्टीतला सगळा माल खपणार असं समजून पुढच्या वर्षांचा नफा मांडला होता. स्टेशनच्या बाकावर बसून पुन्हा हिशोब केला. कंपनी बुडीत नव्हतीच, मागणीही खरी होती. पण एवढा माल नापास होत असेल तर एकशेवीस कुठले? सत्तर. फार ताणलं तर पंचाहत्तर.

आणि बाजार नव्वद म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी रजा काढून वाईची एस.टी. पकडली. पिशवीत ती कपबशी होती. खरं ते सांगतो: कराडपर्यंत माझं ठरलं होतं की गप्प बसायचं. आत्याने नव्वदला विकावं, अठराशे यावेत, पाटल्याही वाचाव्यात. नव्वद भाव मी थोडाच लिहिला होता? उंब्रजच्या पुढे वाटलं, आत्याला तेवढं सांगावं. साताऱ्याला मी चहा घेतला आणि तो तसाच ठेवून गाडीत परत आलो. सुभेदारांचे चाळीस शेअर, भटजींचे पाच, हेडमास्तरांचे आठ. सगळे माझ्या तोंडच्या शब्दावर उभे होते.

आत्याच्या दारात पोचलो तर आत सुभेदार नवं पागोटं बांधून बसलेले. समोर स्टँपपेपर.

"आलास? लय येळेवर आलास! तुजंच खरं म्हणायचं. बाईंचं ईस शेअर दे, खोल्या घे. नव्वदानं बरूबर अठराशे. कागद लिवून आणलाय."

"आणि तुमचं इंजिन?" मी विचारलं.

"इंजिन फुडच्या सालाला. तवर शंभर व्हत्याल!"

आत्याचा चेहरा असा उजळला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. तिने चुलीवर शिरा ठेवला होता. महिना-दीड महिन्यापूर्वी ज्या सौद्याची सुभेदारांनी थट्टा केली होती, तोच ते स्वतः घेऊन आले होते. मी तोंड उघडलं नसतं तर दहा मिनिटांत खोल्या तिच्या झाल्या असत्या.

मी पिशवीतून कपबशी काढून स्टँपपेपरवर पालथी ठेवली.

"हे काय रं?"

मी सांगितलं. राशी, फुल्या, गवत. माझं चुकलं होतं, शेअर सत्तरचा आहे, फार तर पंचाहत्तर. बोलताना आत्याकडे बघायचं मी टाळलं. शिरा खाली लागल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

सुभेदारांनी कपबशी हातात घेऊन डोळ्याजवळ नेली. मग जोरात हसले. "तवा बाजार चाळीस म्हणत व्हता, तू म्हणालास एकशेईस. आज बाजार नव्वद म्हणतुया, तर तू सत्तर. तुजं आन् बाजाराचं जमणार हाय का न्हाई कवा?"

"सुभेदार, मी खरं सांगतोय."

"मी न्हाई ऐकत. नव्वद म्हंजी नव्वद. बोला बाई."

आणि आत्या बोलली. "सत्तरने घ्या. चौदाशे झाले. राहिलेले चारशे मी फेडीन."

"सत्तर? आवं, आत्ता दलालाकडं गेला तर नव्वद दील!"

"देईल. पण दलालालाही विकणार नाही, आणि तुम्हालाही नव्वदने देणार नाही. पोरगा म्हणतोय सत्तर."

"पोरगं धा म्हणंल! मी काय तुमच्याकडनं भीक घिऊ? पंच्याऐंशी."

"बहात्तर."

"आवं, कुटं इकणारा भाव पाडतुया आन् घेणारा चढवतुया, असं बघितलंय का? लोकं हसत्याल. त्र्याऐंशी!"

"पंचाहत्तर. त्याच्यापुढे एक पैसा नाही. ओरडू नका, पोरं जेवायला येतील."

"ऐंशी. ऐंशी घेतलं न्हाई तर मी कापडवाल्याला देतू खोल्या!"

त्यांच्या या धमकीवर आत्या खदखदून हसायला लागली, सुभेदारही, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ऐंशीवर सौदा ठरला. सोळाशे. उरलेले दोनशे आत्याने वर्षभरात लोणच्यात आणि सुभेदारांच्या शाळेतल्या नातवाच्या जेवणात फेडायचे. खाली लागलेला शिरा आम्ही खरवडून खाल्ला.

लाल फुलीची गोष्टही सुभेदारांनी त्याच संध्याकाळी घाटावर सांगून टाकली. मीही शेजारी उभा राहून सांगितली. कुणाचा विश्वास बसला नाही. "सुभेदाराला आणखी स्वस्तात घ्यायचेत," म्हणाले. बरणीची गोष्ट ज्यांनी एका दमात गिळली, त्यांनी ही थुंकून टाकली. दोन दिवसांनी भाव चौऱ्याण्णव झाला. त्या दोन दिवसांत वाईतल्या आणखी काही जणांनी शेअर घेतले.

पुढच्या अहवालात नापास मालाचा आकडा आला आणि भाव बासष्टला उतरला. सुभेदारांनी आधीचे दहा आणि आत्याचे वीस ठेवून त्या भावाने आपले चाळीस विकले, नफ्यात विकले, आणि इंजिन घेतलं. पण ते वर्षभर उशिरा आलं. एका सालचा ऊस मी रुळावरून पाहिलेल्या राशींपायी गेला, आणि त्यांनी ते कधी मला बोलून दाखवलं नाही. ज्यांनी नव्वदच्या वर घेतले होते, ते मात्र बोलले. हेडमास्तर बोलले नाहीत, नुसते बघायचे. ते बघणं मला अजून सहन होत नाही. कित्येक वर्षं मी वाईत घाटाच्या वाटेने न जाता मागच्या बोळाने आत्याकडे जायचो.

खरं तर मला जे सगळ्यात जास्त टोचतं, ते चुकलेला आकडा नाही. पाटल्या मोडायला निघालेल्या बाईला मी थांबवलं, ते एका आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या ढिगाच्या भरवशावर. उत्साह माझा होता. जुगारावर लागल्या होत्या तिच्या खोल्या.

पुढच्या सभेत कंपनीने पुन्हा बरणी दिली. आत्या आता भागधारक नव्हती. संध्याकाळी सुभेदार दारात आले, काखेत अहवालात गुंडाळलेली बरणी. त्यांनी अहवाल सोडवून माझ्या हातात दिला, "ह्यो तुला," आणि बरणी आत्यापुढे ठेवली. "ही भरून द्या बाई. हप्ता."

तिने ती आंब्याच्या लोणच्याने भरली. फोडी तेलाखाली दबून राहाव्यात म्हणून स्वतःच्या मोठ्या बरणीत ती एक वजन ठेवायची. मी तिचं झाकण उघडून पाहिलं तर मसाल्यातून त्या कपबशीची लाल फुली वर आली होती.

"आत्या, आज विकल्या तर या खोल्यांचे किती येतील गं?" मी सवयीने विचारलं.

"विकायच्यात कुणाला?" ती म्हणाली. "झाकण लाव आधी, वारं लागतंय."